निझव्याचा खजूर, मालेगावची खिचडी

नाशिक

आमच्या सिडकोच्या चौकात माझा फ्लेक्स लागला तेव्हा माझा व्हिसासुद्धा आलेला नव्हता. फ्लेक्स केवढा? गंगापूर धरणाच्या तोंडाला लावला असता तर पाणी अडलं असतं. ‘मा. श्री. मधुकरशेठ यांची परदेशी कंपनीत चीफ इंजिनियरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्यातले निम्मे मला आजही ओळखू येत नाहीत.

आता खरं सांगतो. मी चीफ नाही, आणि इंजिनियर तर त्याहून नाही. आयटीआय करून अंबडला एक शेड टाकलं, निफाड-पिंपळगावकडच्या द्राक्षवाल्यांची कोल्ड स्टोरेजं दुरुस्त करतो. ओमानमध्ये निझवा नावाचं गाव आहे. तिथल्या खजुराच्या एका पॅकहाऊसची मशिनं मालेगावचा रफीकभाई चौदा वर्षं सांभाळत होता. आता त्याला कायमचं घरी यायचं होतं, आणि मालकाची अट होती, तुझ्या जागी माणूस दे आणि जा. एका द्राक्ष व्यापाऱ्याकडून माझं नाव रफीकभाईपर्यंत पोचलं. कंत्राट दोन वर्षांचं. मालक म्हणाला, तिकीट माझं, आठवडाभर राहून बघा, पटलं तर सही करा.

म्हणजे मी निघालो होतो फक्त बघायला. मुलगी बघायला निघालेल्या माणसाची वरात काढावी तसा आमच्या कॉलनीनं गणपती मंदिराच्या हॉलमध्ये माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, फेटा, तीन भाषणं आणि चौथं माझं. ते बाकीच्या तिघांच्या बेरजेहून लांबलं. पगाराचा आकडा मी दर चौकात थोडाथोडा वाढवत गेलो होतो. राणेनगरच्या बोगद्यापर्यंत तो मंत्र्याच्या पुढं गेला. आणि आकड्यामागं दरवेळी एकच शब्द लावायचो, टॅक्स-फ्री!

आमची सुनंदा झेडपीच्या शाळेत शिकवते. चौथीच्या पोरांना थापा मारताना पकडून पकडून तिचा हात चांगला बसलाय.

“अहो, जायच्या आधी पारखसाहेबांना एकदा विचारा. तिकडचा पगार इकडं कराला कसा लागतो ते.”

“लागतच नाही! तिकडं टॅक्स हा शब्दच नाही.”

“तिकडं नसेल. पण तुम्ही इकडचे ना?”

पारखसाहेब म्हणजे आमचे सीए. पण ज्याच्या गळ्यातला हार अजून सुकलेला नाही, तो सीएच्या पायऱ्या चढतो का? शिवाय माझी योजना पक्की होती. उन्हाळा-पावसाळा ओमानात खजूर, जानेवारी ते एप्रिल नाशकात द्राक्षं. दोन्ही हातांत लाडू, आणि एकाही लाडवाला सरकारचा दात लागणार नाही.

सत्कार आधी आणि सल्ला नंतर ही आपल्याकडची रीतच आहे. दिवाळीच्या तोंडावर, निफाडला ऑक्टोबर छाटणी चालू असताना, मी निघालो.

मस्कत ते निझवा

विमानाचं सांगत नाही. त्यात मी झोपलो, आणि झोपेत घोरलो म्हणून शेजारच्यानं जागा बदलून घेतली. मस्कतच्या विमानतळावर माझ्यासाठी गालिचा अंथरलेला होता. तो सगळ्यांसाठीच असतो, हा भाग वेगळा.

रफीकभाई गाडी घेऊन आला होता. साठीकडं झुकलेला, बारीक, पांढरी दाढी नीट कातरलेली. मला बघून आधी त्यानं माझ्या हातांकडं पाहिलं. बोटांवरचे जुने चटके, नखांतलं ऑईल दिसलं तेव्हा हसला.

“मशिनवाले दिसता. बरं झालं. याआधी दोघं येऊन गेले. बघितलं आणि पळाले.”

“आम्ही नाशिकचे आहोत, रफीकभाई. पळत नाही, पळवून लावतो.”

“मग माझं काम झालं म्हणा की, मधूभाऊ.”

रस्ता गुळगुळीत. इतका, की मुंबई-आग्रा हायवेवर तयार झालेली माझी कंबर अस्वस्थ झाली. दोन्ही बाजूंना डोंगर, पण असे नागडे, की भर मे महिन्यातला आपला अंजनेरी त्यांच्यापुढं नऊवारी नेसलेला वाटावा. गवताची काडी नाही. आणि मग वळणावर एकदम खजुराची हिरवीगार बनं, मातीच्या भिंती, आणि भिंतींच्या कडेनं वाहणारे पाण्याचे पाट. डोंगराच्या पोटातलं पाणी उताराउतारानं गावात आणलंय, आणि ज्याच्या त्याच्या बागेला पाळीनं मिळतं. पंप नाही, मोटर नाही, वीजबिल नाही.

“आपल्या मोसम नदीवर पाळीच्या पाण्याचे फड होते ना, तसंच,” रफीकभाई म्हणाला. “पाळी आली की पाणी, पाळी गेली की भांडण. मी इथं आलो तेव्हा पहिल्यांदा हेच ओळखीचं वाटलं.”

“पाट?”

“भांडण.”

पॅकहाऊसचा मालक नासरसाहेब. पांढराशुभ्र झगा, डोक्याला भरतकामाची टोपी, आवाज इतका हळू की आपणच ओरडतोय असं वाटावं. आणि मी तर ओरडतच होतो. त्यांनी खजूर पुढं केला आणि हातभर लांब चोचीच्या किटलीतून वेलदोड्याची कॉफी ओतली. कप बोळक्याएवढा. रिकामा झाला की नोकर पुन्हा भरायचा. यजमान भरतोय आणि आपण नको म्हणायचं, हे आपल्या संस्कारात बसत नाही. मी पीतच राहिलो. माझ्या मते चाळीस कप झाले. रफीकभाई नऊ म्हणतो. शेवटी त्यानंच माझं मनगट धरून कप दोनदा हलवला. तिथं पुरे म्हणायची तीच खूण.

“भाऊ, तुम्ही बोलले नाहीत म्हणून तो ओतत होता.”

मी बोललो नाही म्हणून अडचणीत आल्याची आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

शुक्रवारचा बाजार

शुक्रवारी सकाळी निझव्याच्या किल्ल्याखाली बकऱ्यांचा बाजार भरतो. आपण लासलगावला कांद्याचे लिलाव पाहिलेले. माल ट्रॉलीत उभा असतो, व्यापारी त्याच्याभोवती फिरतात. इथं उलटं. गिऱ्हाइकं गोल करून निवांत बसतात, आणि विकणारे बकऱ्या ओढत, किंमत ओरडत, त्या गोलात चकरा मारतात. बसल्या बसल्या कुणी एक बोट वर करतं, आणि बकरी थांबते. मला ही पद्धत फार आवडली. हे आपल्याकडं सुरू करायला हवं असं रफीकभाईला हात वर करकरून सांगत होतो, तेवढ्यात एक शिंगवाला बोकड माझ्यापुढं येऊन उभा राहिला. बोकड हत्तीच्या पिलाएवढा होता. त्याचा मालक त्याहून मोठा.

“तुम्ही घेतला हा,” रफीकभाई म्हणाला.

“मी कुठं घेतला? मी बोलत होतो!”

चारी बाजूंनी लोक हसायला लागले. नासरसाहेब पलीकडच्या कट्ट्यावर होते. ते उठून आले, बोकडाच्या पाठीवर हात ठेवला, त्याच्या मालकाशी दोन शब्द बोलले, आणि रफीकभाईकडं बघून हळूच काहीतरी म्हणाले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, बोकड राहू दे, पैसे मी देतो. तुझा माणूस आलाय, तुझ्या निरोपाचं जेवण आजच करू.”

इथं मी तोंड उघडायला हवं होतं. ‘साहेब, मी अजून सही केलेली नाही, बघायला आलोय.’ एवढंच वाक्य. पण सगळे माझ्याकडं कौतुकानं बघत होते, आणि कौतुकापुढं माझी जीभ नेहमी दुसऱ्याच दिशेला जाते.

दुपारी नमाजनंतर पॅकहाऊसच्या अंगणात चटया अंथरल्या. परातीएवढ्या ताटात भात, त्यावर बोकड, आणि सहा-सहा जणांनी भोवती बसून एकाच ताटात जेवायचं. आपल्याकडं पंगतीत शेजारच्याच्या पानाला हात लागला तरी सॉरी म्हणतात. इथं शेजारचा चांगला तुकडा शोधून तुमच्या बाजूला सरकवतो. वीसेक कामगार होते, केरळचे, बंगालचे, पाकिस्तानातलेही दोघं. जेवण सुरू व्हायच्या आधी मला राहवलं नाही. एवढी माणसं जमलीत, निरोपाचा प्रसंग आहे, आणि सत्कार नाही? मी धावत खोलीवर गेलो. नाशिकला मला मिळालेली शाल मालकाला देऊ म्हणून बॅगेत टाकली होती. मल्याळी दुकानातून नारळ आणला. रफीकभाईला उभं केलं, शाल पांघरली, श्रीफळ हातात दिलं आणि भाषण ठोकलं. मराठीत. कुणालाही कळलं नाही आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“चौदा वर्षं या माणसानं ही मशिनं लेकरासारखी सांभाळली!” माझा आवाज किल्ल्यावर आपटून परत येत होता. “रफीकभाई, आता बॅगा भरा! आजपासून ही लेकरं माझी!”

रफीकभाईनं डोळे पुसले. मग खिशातून फोन काढून माझ्यासमोर धरला. तो चालूच होता. पडद्यावर मालेगावचं एक घर, दाटीवाटीनं बसलेली माणसं, आणि पुढं डोक्यावर पदर घेतलेली एक बाई. ती हात जोडून मला म्हणत होती, “भाईसाब, अल्लाह आपको खुश रखे.”

मी हात हलवला. आणखी काय करणार?

रफीकभाईची खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्लँट बघितला. मशिनं उत्तम, त्यात बोलायला जागा नाही. दुपारी रफीकभाई म्हणाला, “चला, माझ्याकडं जेवा. नंतर ही खोली तुमचीच आहे.”

खोली पॅकहाऊसच्या मागं. एक पलंग, एक कपाट, गॅसची शेगडी आणि एसीची घरघर. खिडकीला बाहेरून पत्रा मारलेला, ऊन येऊ नये म्हणून. बायको-मुलांना आणायची सोय या कंत्राटात नाही. त्यानं डाळ-भात केला होता. दोन ताटं वाढली, मग फोन घेतला आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून आपल्या ताटासमोर उभा केला.

मालेगावचं घर दिसायला लागलं. तिथंही ताटं वाढलेली. आधी मागून पॉवरलूमची खटाखट ऐकू येत होती, मग कुणीतरी ओरडलं आणि माग थांबले.

“इथं दीड वाजला की तिथं तीन,” रफीकभाई म्हणाला. “तीनला जेवतात सगळे.”

“तीनला? एवढ्या उशिरा?”

“मला सुट्टी दीडला मिळते ना.”

चौदा वर्षं. त्या घरातली पोरं शाळेतून येऊन भुकेली बसत असतील, कुणाला कामावर जायचं असेल, पाहुणे येत असतील. आणि ते घर रोज तीनला जेवत होतं, कारण ओमानात एका माणसाला दीड वाजता सुट्टी होते. रफीकभाईची नात घास घेऊन पडद्याजवळ आली आणि तिनं तो फोनच्या काचेला लावला. आमच्या बाजूला सगळा पडदा पिवळा झाला. रफीकभाईनं ‘आ’ केलं. रफीकभाईची बायको, कालच्या त्या पदरवाल्या भाभी, ओरडल्या, “अरे, फोन खराब हो जाएगा!” मग कुणीतरी काच पुसली, पुन्हा चेहरे दिसायला लागले. ही त्यांची रोजची पंगत होती.

जेवून रफीकभाई हात धुवायला गेला. मी त्याच्या पलंगावर टेकलो आणि डोळ्यांसमोर दुसरंच घर आलं. सुनंदा शाळेतून येऊन ताटकळत बसलीय. आमचा मोठा मुलगा फोनच्या काचेकडं बघून जेवतोय. मला घाम फुटला. एसी चालू होता.

मी घाबरलो. दुसरा शब्द नाही. आतापर्यंत बिबट्यापासून वीज मंडळापर्यंत कुणाला घाबरलो नाही असं चौकात सांगत आलोय. एका पत्रा मारलेल्या खिडकीला घाबरलो.

पण घाबरलो असं सांगता येतं का? मला कारण हवं होतं, आणि व्यवस्थित कारण तयार करून देणारा माणूस म्हणजे सीए. संध्याकाळी मी पारखसाहेबांना फोन लावला.

“बोला मधुकरशेठ! फ्लेक्स पाहिला तुमचा. आज आठवण झाली होय?”

मी माझी दोन लाडवांची योजना सांगितली.

“म्हणजे निम्म्याहून जास्त वर्ष तुम्ही नाशकातच?”

“हो. द्राक्षांचा सीझन, लग्नं, दिवाळी, गणपती...”

“मग ओमाननं कर घेतला नाही तरी भारत घेणार. तुम्ही इथले रहिवासी ठरता, आणि रहिवाशाचं जगभरातलं उत्पन्न इथं धरतात. कर पगार कुठं मिळतो ते बघत नाही शेठ, माणूस वर्षभर झोपतो कुठं ते बघतो.”

“आणि तिकडंच राहिलो तर?”

“वर्षाचा मोठा भाग बाहेर काढला तर तिकडच्या पगारावर इथं कर नाही. पण मग यायचं ते मोजूनमापून. द्राक्षांचा सीझन विसरा, म्हणजे तुमचं शेड विसरा. यंदा तर तुम्ही आत्ताच निम्म्याहून जास्त वर्ष इथं काढलंय, त्यामुळं मार्चपर्यंतच्या पगाराला कर आहेच. आणि कंत्राट वाचलं का? महिन्याची नोटीस देऊन काढता येतं का तुम्हाला? आजारपणाचा विमा घरच्यांना आहे का?”

मी वाचलं नव्हतं. भाषण मात्र पाठ केलं होतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं बोलावणं आलं असेल तर एवढं लक्षात ठेवा. टॅक्स-फ्री हा शब्द खोटा नाही. त्याची किंमत घर सोडून राहण्यात मोजायची असते, आणि ती रफीकभाईनं पुरी मोजली होती. ‘करमुक्त’ म्हणजे काय ते मी दुपारी जेवताना बघितलं होतं.

सकाळी मी नासरसाहेबांना टॅक्सचं कारण सांगितलं. मोठमोठे शब्द वापरले, कलमं सांगितली, त्यातलं एक तर मी तिथल्या तिथं तयार केलं. रफीकभाई दुभाष्या होता. माझं एकेक वाक्य तो अरबीत सांगत होता, आणि प्रत्येक वाक्याला त्याचा आवाज खाली खाली जात होता. आपल्याच सुटकेवर पाणी फिरवणारी वाक्यं त्यानं माझ्यासाठी नीट भाषांतर करून दिली. नासरसाहेब म्हणाले, हरकत नाही, जबरदस्ती नाही. आणि माझा कप भरला. या वेळी मी एका कपातच हलवला.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “रफीकभाई, टॅक्सचं फार अवघड आहे हो.”

“असेल,” तो म्हणाला. “त्या दोघांनी पण काहीतरी असंच सांगितलं होतं.”

“तुम्ही असेच निघून या ना! कंत्राट तर संपलंय तुमचं.”

“गावातल्या सगळ्यांचा खजूर आत पडलाय, भाऊ. मशीन बंद पडलं तर कोण बघेल?”

मी निघताना त्यानं आपल्या मालेगावच्या घरच्यांसाठी हलव्याचा डबा आणि खजुराची पेटी माझ्याकडं दिली. मी शालीकडं बघत होतो. ती त्याच्या खुर्चीवर होती. त्याला वाटलं, मला परत हवीय.

“शाल राहू देऊ का? कोल्ड रूममध्ये उतरताना कामी येईल.”

मी मान डोलावली.

मालेगाव

नाशकात चौकात उतरलो. फ्लेक्स तसाच होता, फक्त त्याच्या निम्म्या भागावर दिवाळीच्या शुभेच्छांचा दुसरा लागला होता, त्यामुळं माझा एकच डोळा दिसत होता. तेवढाही नको झाला. चौकाला मी टॅक्सची गोष्ट सांगितली, आणि आमच्या चौकानं सरकारला मनसोक्त शिव्या दिल्या. सुनंदाला खरं सांगितलं. ती वह्या तपासत होती. म्हणाली, “घाबरलात ते बरंच झालं. पण त्या माणसाला आधी सांगायचं होतंत. डबा स्वतः नेऊन द्या, कुरिअर करू नका.”

म्हणून आधी निरोप पाठवून मालेगावला गेलो. रस्ताभर वाक्यं जुळवत होतो. टॅक्सचं सांगू की खरं सांगू? गल्लीत शिरल्यापासून मागांची खटाखट. रफीकभाईचा मुलगा इरफान दारातच उभा होता. मला बघताच त्यानं धावत येऊन माझ्या हातातली खजुराची पेटी घेतली.

“चाचा, वजन कशाला उचललं? अम्मी, खुर्ची खालीच आणा, चाचांना जिना चढायचा नाही!”

मला काही समजेना. भाभी आल्या, पंखा माझ्याकडं वळवला, पाणी दिलं, तेही कोमट.

“अब दिल कैसा है, भाईसाब?”

“कुणाचं?”

“उन्होंने सब बताया. वहाँ गर्मी में आपके दिल को तकलीफ हो गई. आप तो रुकने को तैयार थे, कहते थे मर जाऊँगा पर जुबान से नहीं फिरूँगा. डॉक्टर ने ही मना किया.” त्यांनी डोळे पुसले. “हमारी वजह से आपको इतना हुआ. माफ करना.”

आयुष्यभर थापांचा धंदा केला. एवढी मोठी, एवढी सफाईदार थाप मला कधी जमली नव्हती. आणि ती त्या माणसानं मारली होती, ज्याला मी तिथंच सोडून आलो होतो. खरं बोलायला मी तोंड उघडलं. पण खरं बोललो असतो तर या घरात आता रफीकभाईच खोटा ठरला असता.

त्यांनी माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक केला होता. मुगाची खिचडी, मऊ, मीठ कमी, मिरची नाही. बारा वाजले होते.

“तुम्ही?”

“आम्ही तीनला. तुम्ही खाऊन घ्या चाचा, तुमच्या गोळ्यांची वेळ होईल,” इरफान म्हणाला.

“मी थांबतो,” मी म्हणालो. “मलाही तीनलाच वाढा.”

तीनला माग थांबले. गल्ली एवढी शांत झाली, की शेजारच्या घरातला कुकर ऐकू आला. ताटं मांडली. भाभींनी माझ्या हाताजवळची लोणच्याची बरणी उचलली, “आपको नहीं चलेगा,” म्हणाल्या, आणि तिलाच फोन टेकवला. काचेवर कोपऱ्यात वाळलेली डाळ चिकटलेली होती. त्या डाळीच्या बाजूला रफीकभाई दिसायला लागला, पत्रा मारलेली खिडकी मागं, शाल खांद्यावर.

मला बघून त्यानं शाल सारखी केली. मग म्हणाला, “काय मधूभाऊ, छातीत कसं आहे आता?”

“बरं आहे.”

“गोळ्या घेता ना वेळेवर?”

“घेतो.”

“घेत जा. आणि माणूस बघत राहा माझ्यासाठी. कुणी मशिनवाला भेटला तर सांगा.”

“सांगतो,” मी म्हणालो. त्याला पुढं एक शब्द जोडला नाही. तेव्हापासून पिंपळगाव, निफाड, नांदगाव, जो मशिनवाला भेटेल त्याला सांगत फिरतोय. खोली कशी आहे तेही सांगतो, म्हणून अजून कुणी तयार झालेला नाही.

भाभींनी न विचारता आणखी एक डाव खिचडी वाढली. मी मान खाली घालून खात राहिलो. पलीकडं रफीकभाईही खात होता. आमची जेवणं संपली तेव्हा माग सुरू झाले.